वृत्बा उद्यान

वृत्बा उद्यान (चेक: वृत्बोव्स्का झाहरादा) हे चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील बरोक शैलीतील ऐतिहासिक उद्यान आहे. ते माला स्त्राना या भागात पेत्रशीन टेकडीच्या उतारावर वसलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.३१ हेक्टर आहे. युनेस्कोने १९९२ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित केलेल्या प्रागच्या ऐतिहासिक केंद्रात त्याचा समावेश होतो.

इतिहास

बोहेमियातील सरदारांचे बंड मोडून काढल्यानंतर १६२१ मध्ये त्याच्या नेत्यांना प्रागमध्ये देहदंड देण्यात आला. त्यांपैकी क्रिश्तोफ हारांत यांचे येथील घर जप्त झाले. पुढे सेझिमा वृत्बा यांनी ते शेजारच्या घराशी जोडून वाडा उभारला. वाड्यामागील उतारावर पूर्वी द्राक्षमळा होता. यान योसेफ वृत्बा यांच्या काळात, १७२० च्या सुमारास, त्या जागी उद्यान घडवण्यात आले.

रचना

बरोक उद्यानांत वाडा आणि उद्यान सहसा एका सरळ अक्षावर असतात. येथील जागा मात्र अरुंद, वेडीवाकडी व तीव्र उताराची होती. वास्तुरचनाकार फ्रांतिशेक माक्सिमिलियान कान्का यांनी उताराचे तीन टप्पे पाडून ते दगडी जिन्यांनी जोडले. त्यामुळे सलग अक्षाची उणीव चढणीने भरून निघाली. प्रत्येक टप्पा चढताच नवे दृश्य खुले होते आणि उद्यान प्रत्यक्षाहून मोठे भासते. खालच्या टप्प्यावर पक्षिगृह आणि उद्यानाकडे उघडणारे दालन (साला तेरेना) आहे. वरील टप्प्यांवर कापून आकार दिलेल्या झुडपांची नक्षी आढळते. सर्वांत वरून प्राग किल्ला, संत निकोलस चर्चचा घुमट आणि माला स्त्रानाची लाल कौलारू छपरे दिसतात.

शिल्पे व चित्रे

उद्यानातील शिल्पे माथियास बर्नार्ड ब्राउन यांच्या कार्यशाळेतील आहेत. प्रवेशद्वारावर खांद्यावर गोल पेलणारा अ‍ॅटलस, तर कठड्यांवर रोमन देवदेवता आहेत. दालनातील भित्तिचित्रे वाक्लाव वाव्रशिनेत्स राइनर यांनी रंगवली असून त्यांत व्हीनस व अडोनिस यांची कथा आहे.

पर्यटन

१९९० च्या दशकातील जीर्णोद्धारानंतर १९९८ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. प्रवेश कार्मेलित्स्का रस्त्यावरील वाड्याच्या अंगणातून असून रस्त्यावरून उद्यान दिसत नाही. प्रवेशासाठी तिकीट लागते. हिवाळ्यात उद्यान बंद असते.