‘झाड कटिंग, 1 नग’

मे महिना सरत आला की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांना आपल्या आवारातली झाडं आठवतात. पहिल्या वादळी पावसात गुलमोहराची फांदी खालच्या गाड्यांवर येईल, ही धास्ती असते. मग सेक्रेटरी दोन-तीन ठेकेदारांकडून कोटेशन मागवतात. ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, एका ओळीत: ‘गुलमोहर कटिंग, 1 नग, लमसम’ आणि पुढे रक्कम. सगळ्यांत कमी आकडा मंजूर होतो.

काम संपतं त्या संध्याकाळी पार्किंगच्या तोंडाशी ओंडके पडलेले असतात, कुंपणाच्या भिंतीला फांद्यांचा ढीग लागलेला असतो आणि अंगणात गुडघाभर उंचीचा बुडखा तसाच उभा असतो. “साहेब, रेट कटिंगचा होता. उचलायचं वेगळं,” ठेकेदार सांगतो. तो खोटं बोलत नसतो. कोटेशनमध्ये खरंच तेवढंच लिहिलेलं असतं.

कटिंग म्हणजे नेमकं किती, हे पक्कं असतं ते फक्त चहाच्या टपरीवर. झाडाच्या बाबतीत या एका शब्दात निदान चार कामं दडलेली आहेत: वाळक्या आणि धोकादायक फांद्यांची छाटणी, शेंडा उतरवणं, बुंध्यापासून तोडणं आणि मुळासकट काढणं. चारही कामांचे मजूर वेगळे, हत्यारं वेगळी, दर वेगळे. छाटणीला कोयता, करवत नि दोरखंड पुरतो. खुल्या जागेतला बुडखा उपटायला जेसीबी लागतो, आणि तो फाटकातून आत शिरतो का, हेही पाहावं लागतं.

शब्दांचा हा घोळ कायद्यापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्राच्या शहरांना 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. त्यात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या ऐसपैस आहे: जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे परवानगी फांद्या छाटायची घेतली आणि माणसांनी अख्खा माथाच उतरवला, तर जाब सोसायटीलाही द्यावा लागू शकतो. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अटही घातली. झाड तीस वर्षांचं असेल तर तीस रोपं. अर्ज कोण करणार, शुल्क कोण भरणार, ही रोपं कोणाच्या खर्चाने लागणार, याची एकेक ओळ कोटेशनमध्ये नसेल तर ‘ते तुमचं काम’ हे वाक्य दोन्हीकडून ऐकू येतं.

नीट लिहिलेल्या कोटेशनमध्ये झाड ओळखू येतं. ‘गेटजवळचं झाड’ असं मोघम न लिहिता ‘मुख्य फाटकाच्या डावीकडचा रेनट्री, छातीच्या उंचीवर घेर 6 फूट’ असं लिहिलं की दुसऱ्या झाडाला चुकूनही करवत लागत नाही. छाटणीच्या कामात ‘आवश्यक तेवढी’ हे शब्द टाळलेलेच बरे. ‘बी विंगच्या गच्चीवर आलेल्या तीन फांद्या, भिंतीपासून 5 फूट अंतर सुटेल इतक्या’ हे वॉचमनलाही तपासता येतं. शेवटी लाकडाचा प्रश्न. ते ठेकेदार नेणार असेल तर त्याची किंमत दरातून वजा केली आहे का, हे स्पष्ट हवं. जाड, सरळ खोडाला वखारीत भाव मिळतो. पाल्याला मात्र टेम्पोचं भाडंच द्यावं लागतं.

कोटेशनचा असाच घोळ प्लॉटच्या साफसफाईतही होतो; तिथे खरी गंमत ब्रासची असते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा गुंठ्यांचा प्लॉट 10,890 चौरस फुटांचा. त्यावरची झुडपं काढून वरची अर्धा फूट माती उचलायची, तर हिशेब साधारण 54 ब्रास येतो. पण खणलेली माती मोकळी होऊन फुगते. ती पाव पटीने वाढली असं धरलं, तर ट्रकमध्ये भरताना तीच माती 68 ब्रासच्या आसपास भरते. ‘दर प्रति ब्रास’ एवढंच लिहिलं असेल तर मालक खड्डा मोजतो, ठेकेदार ट्रक मोजतो, आणि चौदा ब्रासवरून फोनाफोनी सुरू होते. ‘मोजमाप जागेवर, खोदण्यापूर्वी’ या तीन शब्दांत ते टळतं. माती किंवा मुरूम प्लॉटबाहेर जाणार असेल तर गौण खनिजाचं स्वामित्वधन आणि वाहतूक परवाना कोणाकडे, हेही त्याखालीच यायला हवं. राडारोडा कुठे टाकणार, त्या जागेचं नावही.

असं कोटेशन लांबलचक होत नाही. गुलमोहराच्या त्याच कामाचं नवं कोटेशन सहा ओळींत मावतं: बुंध्यापासून तोडणे, ओंडके व फांद्या त्याच दिवशी उचलणे, लाकूड ठेकेदाराचे, किंमत वजा करून, पालिकेची परवानगी सोसायटी आणणार, जीएसटी वेगळा, दर 10 जूनपर्यंत लागू. खाली सातवी, ऐच्छिक ओळ: ‘बुडखा जमिनीखाली एक फूट खणून काढणे, स्वतंत्र दराने’. तिच्यापुढे ‘हो’ किंवा ‘नको’ लिहून सही करायची. सोसायटीतल्या पोरांना विचारलं तर उत्तर ‘नको’ येईल; त्यांना अंगणात आयता स्टंप मिळालेला असतो.