शब्दांचा दंड

हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला डिवचणे हा प्रकार खेळाइतकाच जुना आहे. कुस्तीच्या फडात शड्डू ठोकून टोमणे मारणारे मल्ल होते. क्रिकेटमध्ये यष्टीमागून फलंदाजाला छेडणारे आजही आहेत. परंतु तो शब्द पूर्वी मैदानावरच विरून जात असे. आता तो समाजमाध्यमावर उमटतो, क्षणात लाखो लोकांपर्यंत पोहोचतो आणि पुसून टाकला तरी कोणाच्या तरी संग्रही राहतो. त्यामुळे संगणकावरील स्पर्धात्मक खेळांत, म्हणजे ई-स्पोर्ट्समध्ये, खेळाडूला त्याच्या बोलण्याबद्दलही शिक्षा होऊ लागली आहे. ही शिक्षा न्याय्य आहे काय, आणि तिने काही साधते काय, याचा विचार आपल्या घरांतही व्हायला हवा.

२०१८ च्या जानेवारीत अमेरिकेत ब्लिझार्ड कंपनीची ‘ओव्हरवॉच लीग’ सुरू झाली. संघ बारा, खेळाडूला वर्षाला किमान पन्नास हजार डॉलर वेतन. डॅलस संघात फेलिक्स लेंगयेल हा बावीस वर्षांचा कॅनेडियन तरुण होता. ‘एक्सक्यूसी’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. ह्यूस्टन संघाने डॅलसला हरवल्यावर विजयी संघातील एका खेळाडूने एक्सक्यूसीचीच आवडती टोमण्याची शब्दावली त्याच्यावर उलटवली. त्यावर एक्सक्यूसीने थेट प्रक्षेपणात त्या खेळाडूच्या समलैंगिकतेवरून हीन उद्गार काढले. लीगने त्याला चार सामन्यांसाठी निलंबित केले आणि दोन हजार डॉलर दंड केला. मार्चमध्ये पुन्हा तक्रारी आल्या: वंशावरून हिणवणाऱ्या चिन्हाचा वापर, तसेच समालोचक व सहखेळाडूंविषयी समाजमाध्यमावर अपशब्द. या वेळी दंड चार हजार डॉलर, निलंबन पुन्हा चार सामन्यांचे. काही दिवसांतच संघाने त्याच्याशी फारकत घेतली.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. विजयी खेळाडूनेही चिडवलेच होते; पण त्याला दंड झाला नाही. ‘तुम्ही हरलात’ हे बोचते, पण ते खेळाविषयी आहे. माणसाचा जन्म, वंश किंवा खासगी जीवन यांवर वार करणे हा निराळा अपराध होय. ही रेषा मला योग्य वाटते. सर्वच थट्टेवर बंदी घातली तर खेळातला जिवंतपणाच जाईल.

त्याच मार्चमध्ये ह्यूस्टन संघाच्या प्रशिक्षकवर्गातील किम ते-योंग यांनी अणुबॉम्बविषयी एक आक्षेपार्ह चित्र प्रसारित केले होते. त्यांना केवळ औपचारिक ताकीद मिळाली. कारण त्यांनी जाहीर क्षमा मागितली आणि हिरोशिमाच्या शांतता निधीला एक हजार डॉलर दिले. दंड भरणे आणि झालेल्या दुखापतीची भरपाई करणे यांतील अंतर या उदाहरणावरून स्पष्ट होते.

बँकेतील चाकरीत मी खात्यांतर्गत चौकशीची अनेक प्रकरणे हाताळली. तेथे क्रम ठरलेला असे: प्रथम ज्ञापन, मग खुलासा, त्यानंतर ताकीद, वेतनवाढ रोखणे, आणि अगदी शेवटी बडतर्फी. वर अपिलाचा मार्गही मोकळा असे. खेळांच्या बाबतीत मात्र खेळाची मालक कंपनीच नियम लिहिते, तीच आरोप ठेवते आणि निवाडाही तीच देते. यातला धोका २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दिसला. याच ब्लिझार्डने ‘हार्थस्टोन’ या खेळातील ‘ब्लिट्झचंग’ नावाच्या हाँगकाँगच्या खेळाडूला, सामन्यानंतरच्या मुलाखतीत तेथील आंदोलनाची घोषणा दिल्याबद्दल, वर्षभर बंदी घातली आणि त्याचे बक्षीसही काढून घेतले. त्याने कोणाची थट्टा केली नव्हती. परंतु जनतेच्या एखाद्या गटाला दुखावण्याविषयीचा नियम एवढा मोघम होता, की त्यात काहीही बसवता आले असते. जगभर टीका झाल्यावर बंदी सहा महिन्यांवर आली आणि बक्षीस परत मिळाले. म्हणून नियम आधी लिहिलेला असावा, स्पष्ट असावा आणि शिक्षा अपराधाच्या मापाची असावी.

आता परिणामाचा हिशोब मांडू. एक्सक्यूसीने लीगला एकूण सहा हजार डॉलर दंड भरला. २०२३ मध्ये त्याने ‘किक’ या प्रक्षेपण मंचाशी केलेला करार वृत्तपत्रांनुसार सुमारे सात कोटी डॉलरचा होता. त्याच वर्षी ओव्हरवॉच लीगचा शेवटचा हंगाम झाला. दंड करणारी संस्था गेली आणि दंडित खेळाडू श्रीमंत झाला! याचा दोष केवळ त्या तरुणाला देता येत नाही. उद्दाम बोलण्याला गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे हातात भ्रमणध्वनी घेऊन बसलेले तुम्ही-आम्ही व आपली मुले-नातवंडे. जेथे मागणी आहे, तेथे दंड हा केवळ धंद्याचा खर्च ठरतो.

भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणली. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. म्हणजे आपली मुले या मैदानात उतरणारच. त्यांना वाणीचा संयम कोणती कंपनी शिकवणार?

तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एका कापड व्यापाऱ्याच्या कर्जप्रकरणी मी बाजारातील मत घेत होतो. त्यांचे दुकान अडचणीत होते. समोरच्याच पेढीवरील त्यांचे प्रतिस्पर्धी मला म्हणाले, ‘‘साहेब, माल चोख आहे, वेळ वाईट आहे.’’ एवढेच. जवळ बसलेला त्यांचा शाळकरी मुलगा हे ऐकत होता. मला वाटते, त्या मुलाला पुढे कोणत्याही आचारसंहितेची गरज पडली नसेल.

आपल्या घरी जेवताना दुसऱ्याच्या पडत्या काळाविषयी आपण काय बोलतो, तेच मूल उद्या पडद्यावर लिहिणार आहे. दंडाची पावती फाटण्याआधीचे काम आपले आहे.