गट क्रमांकाची किल्ली : लोणी काळभोरचा इस्टेट एजंट आणि त्याचा संगणक

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी काळभोर परिसरात विकाऊ जागांची एकच सामायिक आणि खात्रीची यादी कोठेही नाही. अमेरिकेत एजंटांच्या स्थानिक संघटना अशा याद्या चालवतात आणि एकाने नोंदवलेले घर दुसऱ्या एजंटालाही दिसते. महाराष्ट्रात तशी व्यवस्था रुजली नाही. येथील एजंट नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स यांसारखी संकेतस्थळे, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आणि स्वतःची वही यांतून माहिती जमवतो. जमिनीविषयीचा सर्वांत भरवशाचा साठा मात्र शासनाकडे आहे आणि त्याचा मोठा भाग घरबसल्या पाहता येतो. हे सगळे साठे एकमेकांना जोडणारी किल्ली म्हणजे गावाचे नाव आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक. जाहिरातीतला भाव, फोटो, ‘हायवे टच’ हे शब्द त्यानंतर येतात.

गावाच्या नावापासूनच काळजी घ्यावी लागते. संकेतस्थळावर नुसते ‘लोणी’ शोधले तर नगर रस्त्यावरचे लोणीकंद, राहाता तालुक्यातले लोणी, इतकेच काय गाझियाबादजवळचे लोणीही समोर येऊ शकते. लोणी स्टेशनालगतच्या कदमवाकवस्तीची ग्रामपंचायत वेगळी आहे, तरी तिथल्या जागा सर्रास लोणी काळभोरच्या नावाने जाहीर होतात. म्हणून नोंदीत जाहिरातीतले ठिकाण आणि सातबाऱ्यावरचे गाव असे दोन स्वतंत्र रकाने हवेत.

गाव आणि गट क्रमांक हाती आले की पहिला थांबा म्हणजे शासनाचे महाभूलेख हे संकेतस्थळ. येथे सातबारा आणि आठ-अ मोफत पाहता येतो, पण ती प्रत कायदेशीर कामाला चालत नाही. त्यासाठी शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. सातबाऱ्यातला गाव नमुना सात मालकी सांगतो आणि बारा पिके. एजंटाने डोळ्यांत तेल घालून वाचायचे ते ‘इतर हक्क’. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयीन दावा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, यांपैकी काहीही तिथे असू शकते. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ‘आपली चावडी’वर प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात, त्यामुळे सातबाऱ्यावर अजून न उतरलेला व्यवहारही लक्षात येतो. गटाचा आकार आणि शेजारचे गट महाभूनकाशावर पाहता येतात. हा परिसर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. जमीन शेती विभागात की निवासी, याचा पुरावा म्हणजे झोन दाखला. मालकाच्या तोंडी माहितीवर हा रकाना भरू नये.

पूर्वीच्या व्यवहारांसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा आहे. तिथे सूची क्रमांक दोन मिळते. तीत विकणारा, घेणारा, क्षेत्र, मोबदला आणि शासकीय बाजारमूल्य नोंदलेले असते. हवेली तालुक्यात दुय्यम निबंधकांची अनेक कार्यालये असल्यामुळे दस्त क्रमांकासोबत कार्यालय आणि वर्ष लिहून ठेवले नाही, तर तोच दस्त पुन्हा शोधताना दिवस जातो. शेजारच्या गटाचा खरोखर नोंदलेला मोबदला हा संकेतस्थळावरच्या अपेक्षित किमतीपेक्षा कितीतरी उपयोगी आकडा आहे, जरी कागदावरचा आकडा नेहमीच पूर्ण व्यवहार सांगतो असे नाही.

आता स्वतःचा तक्ता. एक्सेलमध्ये गट क्रमांक १२/१ असा टाइप केला की संगणक त्याची १२ जानेवारी ही तारीख करून टाकतो. नंतर रकाना मजकुराचा केला तरी मूळ क्रमांक परत येत नाही, पाच आकडी भलतीच संख्या दिसते. म्हणून भरायला सुरुवात करण्याआधीच गट, हिस्सा आणि दस्त क्रमांकाचे रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारचे करावेत. दुसरी अडचण लिपीची. जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये साठवलेली नावे शोधात सापडत नाहीत, ती युनिकोडमध्ये आणावी लागतात. मराठी आणि इंग्रजी आकडे संगणकाला वेगळे वाटतात, ‘काळभोर’ आणि ‘कालभोर’ही वेगळे. गावाचे नाव दर वेळी टाइप न करता ठरलेल्या यादीतून निवडण्याची सोय केली, तर निम्मा गोंधळ संपतो.

क्षेत्राच्या बाबतीत चूक थेट पैशात मोजली जाते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते, बाजारात बोलणी गुंठ्यात होतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर किंवा १,०८९ चौरस फूट. ४० आर म्हणजे पुरा एकर नव्हे. एकर ४० गुंठ्यांचा, तर ४० आर सुमारे ३९.५४ गुंठे होतात. जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा हा फरक महामार्गालगत लहान नाही. तक्त्यात क्षेत्र चौरस मीटरमध्येच भरावे आणि गुंठे सूत्राने काढावेत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे नियम अलीकडे वारंवार बदलल्यामुळे दोन-चार गुंठ्यांच्या प्लॉटसमोर ‘नोंदणी होईल’ एवढेच न लिहिता कोणत्या तारखेच्या नियमानुसार, हेही लिहावे.

बांधकाम किंवा प्लॉटिंगचा प्रकल्प असेल तर महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, संकेतस्थळ पाहणे अनिवार्य समजावे. मे २०१७ पासून लागू झालेल्या या व्यवस्थेत एजंटालाही नोंदणी घ्यावी लागते, आणि २०२३ मध्ये त्याच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षेची अट आली. पुणे जिल्ह्यातील पूर्वी नोंदलेल्या प्रकल्पांच्या क्रमांकात ‘पी’ अक्षरापुढे ५२१ हा आकडा येतो. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याचा संकेतांक तोच होता. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. नोंदणी आवश्यक असलेला प्रकल्प नोंदणीविना विकायला मदत करणे कायद्याने एजंटाला मना आहे, मग ग्राहक स्वतःहून आला असला तरी.

मालकांचे फोन क्रमांक आणि आधारच्या प्रती एजंटाकडे साठतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर त्यांची जबाबदारी अधिक गंभीर झाली आहे. एजंटाने हा तक्ता ग्रुपवर पाठवू नये, त्याला पासवर्ड लावावा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. प्रत्येक ओळीत ‘शेवटची खातरजमा’ असा तारखेचा रकाना असावा, कारण विकून झालेल्या जागा संकेतस्थळांवर दीर्घकाळ तशाच राहतात. टोकन घेण्याआधी त्याच दिवशीचा ताजा सातबारा काढलाच पाहिजे. महिन्यापूर्वीचा उतारा त्या कामाला पुरेसा नाही.