तलवारीचा गोंडा आणि सैन्यातील ओळख : असईच्या रणभूमीच्या संदर्भात

प्रस्तावना : शस्त्राचा अभ्यास करताना आपले लक्ष प्रामुख्याने पाते, मूठ व म्यान यांकडे जाते. मुठीस बांधलेली दोरी आणि तिच्या टोकाचा गोंडा मात्र केवळ शोभेची वस्तू म्हणून दुर्लक्षिला जातो. वस्तुतः काही सैन्यांत याच गोंड्याच्या रंगावरून सैनिकाची तुकडी व हुद्दा ओळखला जात असे. प्रस्तुत लेखात या चिन्हपद्धतीचा, जालना जिल्ह्यातील असई येथील लढाईच्या अनुषंगाने, थोडक्यात परामर्श घेतला आहे.

मूळ उपयोग व रंगाचा अर्थ : घोडेस्वाराच्या हातून तलवार निसटली तरी ती मनगटास लटकून राहावी, हा या दोरीचा मूळ हेतू होय. भारतीय तलवारीच्या मुठीवरील चकतीच्या घुंडीत अनेकदा दोरी ओवण्यासाठी भोक असते, त्याचे कारण हेच. युरोपात या उपयुक्त वस्तूस पुढे नियमबद्ध रंग प्राप्त झाले. ब्रिटिश पायदळातील अधिकाऱ्यांसाठी 1796 मध्ये किरमिजी व सोनेरी पट्ट्यांची दोरी विहित करण्यात आली. विसाव्या शतकातील जर्मन पायदळात ही पद्धत अधिक सूक्ष्म होती. तेथे संगिनीच्या गोंड्याचा देठ पलटणीचा, तर त्याच्या वरचा मणी व खालचे कडे कंपनीचा रंग दर्शवीत. पहिल्या चार कंपन्यांचे रंग अनुक्रमे पांढरा, तांबडा, पिवळा व निळा असे होते.

मराठी परंपरा : शिवकालीन घोडदळात 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार आणि 10 जुमलेदारांवर एक हजारी अशी स्पष्ट श्रेणीरचना होती. तथापि सामुदायिक ओळख मुख्यतः निशाणाभोवती केंद्रित होती. जरीपटका हे तिचे सर्वोच्च प्रतीक होय. शस्त्रही अधिकार सांगत असे, परंतु निराळ्या रीतीने. पेशवेपदाची शिक्के-कट्यार ही छत्रपतींनी दिलेल्या अधिकाराची खूण होती. म्हणजेच येथे रंगापेक्षा ते शस्त्र कोणी बहाल केले, यास महत्त्व होते.

असईचा दाखला : 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसले यांच्या सैन्याशी गाठ पडली. चिन्हांचे कार्य अंतरानुसार कसे विभागते, हे येथे समजून घेता येते. निशाण दुरून दिसते; डगल्याच्या कॉलर-बाह्यांचा रंग मध्यम अंतरावरून पलटण सांगतो (74 व्या पलटणीचा पांढरा, 78 व्या पलटणीचा फिकट पिवळसर); कमरेचा किरमिजी पट्टा व तलवारीचा गोंडा जवळच्या सैनिकास अधिकारी दाखवितात. परंतु चिन्ह ‘कोण’ ते सांगते, ‘कोठे’ ते सांगत नाही. कर्नल ऑरॉक याची आघाडीची तुकडी चुकून असई गावाच्या रोखाने गेली, 74 वी पलटण तिच्या मागोमाग गेली व तिची जबर हानी झाली. कंपनीच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. पुढे 74 व 78 या पलटणींना आणि 19 व्या लाइट ड्रॅगून्सना मानाचे निशाण देण्यात आले. असईचा हत्ती आजही भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात आहे.

समारोप : उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, गोंडा ही क्षुल्लक वस्तू नसून सैन्यरचनेचा पुरावा आहे. मात्र हा पुरावा सुताचा, रेशमाचा वा चामड्याचा असल्याने लोखंडाच्या आधी नष्ट होतो. दसऱ्याच्या शस्त्रपूजनापूर्वी घरातील जुनी तलवार घासूनपुसून तिला नवी दोरी बांधली, की जुन्या दोरीबरोबर तिचा इतिहासही जातो. म्हणून जीर्ण दोरी टाकून न देता तिचे छायाचित्र घ्यावे, रंगाची नोंद करावी व ती कोरड्या कापडात जपून ठेवावी. स्थानिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावापासून असे नोंदकार्य सुरू केल्यास जिल्ह्याच्या लष्करी इतिहासास मोलाची भर पडेल.