रुग्णाच्या खाटेपाशी: नर्सिंग असिस्टंटच्या कामाबद्दलचे काही गैरसमज

'सहा महिन्यांत नर्स बना' अशा पाट्या एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि रिक्षांच्या पाठीवर दिसतात. गावाकडची बारावी झालेली मुलगी त्या वाचते, घरचे कुठून तरी पैसे उभे करून फी भरतात, आणि कोर्स संपल्यावर कळतं की हातात पडलेलं प्रमाणपत्र नर्सचं नाहीच. या फसवणुकीचा मला राग येतो, म्हणून सुरुवात इथूनच. नर्स व्हायचं तर एएनएमची 2, जीएनएमची 3 किंवा बीएस्सी नर्सिंगची 4 वर्षं द्यावी लागतात आणि त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. काही महिन्यांच्या कोर्समधून तयार होते ती जनरल ड्युटी असिस्टंट, सगळ्यांच्या तोंडी 'जीडीए'. ती सिस्टरच्या देखरेखीखाली काम करते. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं, कॅथेटर घालणं, औषधाचा डोस किंवा ऑक्सिजनचा फ्लो बदलणं यातलं काहीही तिच्या कामात बसत नाही. रात्रपाळीला माणसं कमी असली की 'तुला येतंय ना, मग दे' असं सांगितलं जातं. तिथे तिने नाही म्हणावं. तसं म्हणणं हा आगाऊपणा नाही, रुग्णाच्या सुरक्षेचा भाग आहे.

यावर लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. मग उरलं काय, बेडपॅन द्यायचं आणि चादरी बदलायच्या! हा गैरसमज पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण शिकायला आलेल्या मुलींनाही तो मनातून खरा वाटत असतो. डॉक्टर राउंडला येऊन काही मिनिटांत पुढच्या खाटेकडे जातात, सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. अंग पुसताना, भरवताना, कूस बदलताना रुग्णाच्या सर्वांत जवळ असते ती असिस्टंट. बिघडलेलं काही पहिल्यांदा दिसणार ते तिलाच, पण काय बघायचं ते ठाऊक असेल तर.

टीपीआर आणि बीपीचंच घ्या. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब हे मशीन लावून आकडा उतरवण्याचं काम आहे असं वाटतं. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण 60 ते 100 आणि श्वास 12 ते 20, हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. कसब मोजण्यात आहे. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावर तशीच ठेवायची, नजर हळूच छातीकडे न्यायची आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. रुग्णाला वाटतं नाडीच चालू आहे. वॉर्डात सर्वांत जास्त वेळा न मोजता लिहिला जाणारा आकडा श्वासाचा, आणि प्रकृती ढासळू लागली की लवकर बदलणाऱ्या आकड्यांपैकीही तोच एक.

बीपी घेतानाही तसंच. जिना चढून आलेल्या, पाय लोंबकळत बसलेल्या, बोलत असलेल्या माणसाचं बीपी जास्तच येणार. पाच मिनिटं शांत बसवावं, पाठीला टेका द्यावा, पावलं जमिनीला टेकलेली असावीत, हात हृदयाच्या पातळीला ठेवावा. डायलिसिससाठी ज्या हाताला फिस्टुला केलाय, त्या हाताला पट्टा कधीही बांधायचा नाही. फिस्टुला दाबला गेला तर बंद पडू शकतो. ऑक्सिमीटर थंडगार किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटावर चुकीचा आकडा दाखवू शकतो. 84 दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारावी, आणि ती येईपर्यंत बोट चोळून, ऊब देऊन पुन्हा बघावं.

आता बेडसोअर. इथे घरोघरी इतके चुकीचे उपाय चालतात की थोडं थांबून सांगायला हवं. जखम झाली की ती नुसती पडून राहिल्याने झाली, वय झालं की असं होणारच, असं म्हणतात. वस्तुस्थिती अशी, की हाड आणि गादी यांच्यामध्ये चिमटलेल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि काही तासांतही तिचं नुकसान सुरू होऊ शकतं. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, खांद्याची हाडं, डोक्याची मागची बाजू ही त्याची ठिकाणं. अंग पुसताना ती रोज बघायची. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचं. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली तर बेडसोअरची पहिली पायरी सुरू झालीय आणि ते त्याच पाळीत सिस्टरला सांगायला हवं. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा टणक लागणारी जागा हाताने शोधावी लागते.

मग लोक काय करतात? त्या जागेवर स्पिरिट चोळतात, तेलाने मालिश करतात, पावडर थापतात, खाली मधे भोक असलेली रबरी रिंग ठेवतात. चोळण्याने आधीच दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फाटतात, स्पिरिटने कातडी कोरडी पडते, घामाने पावडरीच्या गुठळ्या होतात, आणि रिंगच्या कडांचा दाब मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट अडवतो. उपयोगी पडतं ते साधंच असतं: साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणं, ओली चादर लगेच बदलणं, आणि वर सरकवताना न ओढता दोघांनी चादरीसकट उचलणं. हवेची गादी घेतली की कूस बदलायला नको, हाही गैरसमजच. गादीची मदत होते, पण कूस बदलावीच लागते.

अर्धांगवायूच्या रुग्णाला उठवताना घरचे लोक प्रेमाने लुळा हात धरून ओढतात. तो खांदा निखळू शकतो. खुर्ची चांगल्या बाजूला लावावी, ब्रेक लावलेत ना ते बघावं, आणि आधार कमरेला द्यावा. कपडे घालताना मात्र आधी लुळा हात, काढताना तो शेवटी.

खाण्यापिण्याबद्दल एकच सांगते. खाटेवर 'एनबीएम' लिहिलं असेल तर तोंडाने काहीही नाही, 'घोटभर चहाने काय होतंय' हेही नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ते उपाशी ठेवणं असतं. अर्धवट गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घालणंही तितकंच धोक्याचं.

हातमोजे घातले की हात धुवायची गरज नाही, असं पुष्कळांना वाटतं. मोज्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, काढतानाही हाताला घाण लागते. शिवाय एकाच मोज्याने चार खाटा फिरल्या की जंतूही त्याच मोज्याबरोबर चार खाटा फिरतात. हँडरब 20 ते 30 सेकंद, साबण-पाणी 40 ते 60 सेकंद. हात दिसायला मळलेले असतील तर साबणच. वापरलेले मोजे, यूरोबॅग, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत जातात, रक्ताने भिजलेला कापूस आणि बँडेज पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात आणि काच निळ्यात. 2016च्या नियमांनी हे ठरवून दिलंय, तरी 'दवाखान्याचा कचरा तो, टाक लाल पिशवीत' हे ऐकू येतंच. यूरोबॅग अजून लावलेली असते तेव्हाची चूक तर रोजची: स्ट्रेचरवर घेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवतात, आणि नळीतली लघवी उलट मूत्राशयात जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली असावी, पण फरशीला टेकू नये.

शेवटचा गैरसमज बोलण्याबद्दलचा. पाळी बदलताना 'आजी जरा बऱ्या दिसत नाहीयेत' एवढं सांगितलं की आपलं काम झालं असं वाटतं. त्यावरून सिस्टरला काहीच करता येत नाही. 'सिस्टर, आजींनी सकाळी सातपासून पाणी, चहा, पेज मिळून 600 मिली घेतलंय, नऊ वाजता 150 मिली लघवी झाली, त्यानंतर पाच तास झालीच नाही, आणि मघापासून त्या मला मुलीच्या नावाने हाक मारतायत' असं सांगितलं, तर सिस्टर लगेच उठेल, यूरोबॅग लावलेली असेल तर तिची नळी कुठे दुमडलीय का ते बघेल, ओटीपोटाला हात लावून बघेल आणि डॉक्टरांना फोन करेल. नर्सिंग ब्युरोमार्फत रुग्णाच्या घरी बारा तासांच्या पाळीवर असलेल्या बाईंपाशी सिस्टर नसते. त्यांनी हेच सगळं वेळेसकट वहीत लिहावं, आणि असं काही दिसलं की मुलगा कामावरून येईपर्यंत न थांबता त्याला आणि डॉक्टरांना फोन करावा. दोघांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर घरच्यांनी आधीच लिहून द्यायला हवेत.