'मरकत' : शब्दाचे मूळ आणि अर्थाचा प्रवास

मराठीत ज्या हिरव्या रत्नास 'पाच' अथवा 'पाचू' म्हणतात, त्यास संस्कृतात 'मरकत' अशी संज्ञा आहे. काव्यात हा शब्द प्रामुख्याने हिरव्या वर्णाचे उपमान म्हणून रूढ झाला. त्यामुळे त्याच्या मुळातच हिरवेपणाचा अर्थ असावा, असा समज होतो. व्युत्पत्ती मात्र निराळी दिशा दाखविते.

परंपरागत निरुक्तीनुसार 'मरक' म्हणजे रोगाची साथ. ती ज्यायोगे तरून जाता येते, ते 'मरकत'. रत्नांच्या रोगनिवारक सामर्थ्यावरील श्रद्धा या निरुक्तीत प्रतिबिंबित झाली आहे. परंतु हा अर्थ रूढ शब्दावर मागाहून बसविलेला दिसतो. भाषाभ्यासकांनी 'मरकत'चा संबंध ग्रीक 'स्माराग्दोस' व त्याचे सकाररहित रूप 'माराग्दोस' यांच्याशी जोडला आहे. त्यामागे हिब्रू 'बारेकेत' व अक्कादी 'बर्रक्तु' ही सेमिटिक रत्ननामे असून त्यांच्या मुळाशी 'ब-र-क', म्हणजे लखलखणे, हा धातू मानला जातो. अरबीतील 'बर्क' (वीज) हा शब्द याच धातूचा. संस्कृतात हा शब्द ग्रीकमार्फत आला की थेट सेमिटिक भाषांतून, याविषयी मतभेद आहेत. फारसी 'जुमुर्रुद' आणि इंग्रजी 'एमरल्ड' ही रूपे मात्र ग्रीक शब्दापासूनच निघालेली आहेत.

तात्पर्य, मूळ नाव तेजाचे आहे, वर्णाचे नव्हे. अमरकोशातील पर्यायांपैकी 'हरिन्मणि' हा वर्णदर्शक आहे, तर 'गारुत्मत' गरुडाशी नाते सांगतो. 'मरकत'ला वर्णार्थ लाभला तो प्रयोगातून.

प्राचीन संज्ञेची व्याप्तीही आजच्याहून मोठी होती. थिओफ्रास्टसने चार हात लांबीच्या 'स्माराग्दोस'चा उल्लेख केला आहे, तर प्लिनीने त्याचे १२ प्रकार मानले आहेत. साहजिकच त्यांत इतर हिरव्या पाषाणांचाही समावेश असणार. पाचू हा बेरिल खनिजाचाच एक प्रकार होय, हे रासायनिक दृष्ट्या स्पष्ट झाले ते १७९८ मध्ये, वोक्लँ यांच्या पृथक्करणामुळे. त्याचा हिरवा रंग क्रोमियम वा व्हॅनेडियमच्या अंशामुळे येतो.

म्हणून प्राचीन ग्रंथातील 'मरकत' म्हणजे आजचे विशिष्ट खनिजच, असे गृहीत धरून अर्थ लावणे योग्य नव्हे. संदर्भात वर्ण अभिप्रेत आहे, तेज की रोगनिवारक सामर्थ्य, हे प्रथम पाहावे लागते. कोशातील एकच प्रतिशब्द या तिन्ही अर्थच्छटा पेलू शकत नाही.