पाच सेकंदांचा तोटा

मार्केट यार्डातील व्यवहार आटोपून एखादा व्यापारी सायंकाळी गावाकडे निघतो. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असते. एवढ्यात शेजारच्या आसनावर ठेवलेला फोन खणखणतो. दुकानातून दिवाणजींनी उद्याच्या मालाचा भाव विचारलेला असतो. व्यापारी निरोप वाचतो, दोन अक्षरी उत्तर पाठवतो आणि पुन्हा रस्त्याकडे पाहतो. सारे पाच सेकंदांत उरकते. आपल्या हातून काही प्रमाद घडला, असे त्याच्या मनालाही शिवत नाही.

पैशापैशाचा हिशेब चोख ठेवणारी माणसे या पाच सेकंदांचा हिशेब मात्र मांडत नाहीत. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पाच सेकंदांत सुमारे ८३ मीटर. बाजारपेठेतील गाळा दहा फूट रुंदीचा धरला, तर ही सत्तावीस दुकानांची रांग होते. डोळे बांधून सत्तावीस दुकानांपुढून भरधाव गाडी नेण्यास कोणीही शहाणा माणूस धजणार नाही. फोनकडे पाहत गाडी हाकणारा नेमके हेच करतो.

‘फोन हातात न धरता बोलले की धोका टळतो’, हा समजही फसवा आहे. वाहन चालवताना फोन वापरणाऱ्यास अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवून बोलणे फारसे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण स्पष्ट आहे. हात मोकळे असले, तरी चित्त बांधलेले असते. उधारी थकली, माल अडकला, भाव पडला, असे बोलणे सुरू झाले की डोळे रस्त्यावर खिळलेले असूनही समोरचा माणूस मनाला दिसत नाही. शेजारी बसलेला सोबती वळण आले की आपणहून गप्प होतो. फोनवरील माणसाला ते वळण दिसत नसते.

कायद्यानेही हा अपराध गंभीर मानला आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातील फोनचा वापर हे धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्या अपराधासाठी सहा महिने ते एक वर्षापर्यंत कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मार्ग पाहण्यासाठी फोन वापरण्यास मुभा आहे. तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच.

दंडाची रक्कम भरता येते. काही गोष्टींची भरपाई मात्र होत नाही. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. महामार्गाच्या कडेने, सकाळच्या अंधुक उजेडात ते अनवाणी चालत असतात. ईर्यासमितीचे पालन करीत, पुढची चार हात जमीन निरखून, पायाखाली मुंगीही सापडू नये या जपणुकीने एकेक पाऊल टाकीत असतात. अशा विहारात वाहनाच्या धडकेने प्राण गेल्याच्या वार्ता समाजाने एकदा नव्हे, अनेकदा ऐकल्या आहेत. प्रत्येक वार्तेनंतर घराघरांत हळहळ व्यक्त होते. परंतु त्याच रस्त्यांवरून त्याच घरांतील गाड्याही रोज धावतात. मुंगीला वाचवणारे पाऊल पुढे आणि पडद्यावर नजर लावलेला चालक मागे, हे चित्र बदलणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.

उपाय साधेच आहेत. चावी फिरवण्यापूर्वी मार्ग निश्चित करून फोन त्याच्या जागी बसवावा. इतर सूचनांचे आवाज बंद करावेत. ‘गाडी चालवीत आहे, पोहोचल्यावर बोलतो’ असे उत्तर आपोआप जाईल, अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते. काम अगदीच तातडीचे असेल, तर पेट्रोल पंप किंवा उपाहारगृहाच्या आवारात थांबून बोलावे. महामार्गाच्या कडेला गाडी उभी करणे हा दुसराच धोका होय. दुचाकीस्वाराने शिरस्त्राणात फोन खोचून बोलण्याची सवय तर तत्काळ सोडावी. अपघात दिसल्यास मात्र सुरक्षित जागी थांबून हाच फोन हाती घ्यावा आणि ११२ या क्रमांकावर कळवावे.

एक पथ्य फोन करणाऱ्यांनीही पाळावयाचे आहे. माल घेऊन निघालेल्या चालकाला ‘कुठवर आलास?’ असे दर अर्ध्या तासाने विचारणारा मालकच त्याचे लक्ष रस्त्यावरून काढून घेत असतो. चालकाने उचलला नाही म्हणून त्याला बोल लावू नये. थांब्यावर पोहोचल्यावर त्याने स्वतः कळवावे, असा पेढीचा रिवाजच करावा. घरच्यांनीही फोन लागताच पहिला प्रश्न ‘गाडी चालवत आहात का?’ हाच विचारावा आणि उत्तर ‘हो’ आले, तर पुढे काहीही न बोलता फोन ठेवावा. भाव तासाभराने कळला तर फार तर एक सौदा हुकेल. सौदे पुन्हा होतात. उंबरठ्यावर वाट पाहणाऱ्यांना माणूस परत हवा असतो.